जुनी जिप्सी आणि रांगण्याची वाट: गाडीची उभारणी, प्रवास आणि पुढे जाणाऱ्यांसाठी काही सूचना

कोल्हापूरहून गारगोटी, कडगाव, पाटगाव करत भटवाडीपर्यंत कोणतीही गाडी जाते. भटवाडीच्या पुढे चिक्केवाडीपर्यंतची जंगलातली वाट मात्र गाडीचा कस पाहणारी आहे आणि चिक्केवाडीहून रांगणा किल्ला पायीच गाठावा लागतो. सेकंडहँड घेतलेल्या मारुती जिप्सीचे काम पूर्ण झाल्यावर तिचा पहिला मोठा प्रवास आम्ही याच वाटेवर केला. माझे मत आधीच सांगतो. सह्याद्रीतल्या अशा वाटांसाठी जिप्सीत फारसे बदल करावे लागत नाहीत. ती कारखान्यातून ज्या अवस्थेत बाहेर पडली होती त्या अवस्थेला तिला परत आणावे लागते, आणि हे काम बाजारात मिळणारे सुटे सामान बसवण्यापेक्षा पुष्कळ जास्त चिकाटीचे व खर्चाचे असते.

जिप्सी आपल्याकडे १९८५ साली आली, १.३ लिटर इंजिनाची ‘किंग’ १९९६ मध्ये आली आणि आता तिचे उत्पादन बंद झाले आहे. म्हणजे आज घ्याल ती प्रत्येक जिप्सी जुनीच असणार. सैन्याने व पोलिसांनी ती वर्षानुवर्षे वापरल्यामुळे सुटे भाग अजून मिळतात आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्रीही गावोगावी आहेत. वजन साधारण एक टन, अंगाने अरुंद, खाली शिडीसारखी मजबूत चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा), पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा दांडा) आणि पाटे (लोखंडी पानांच्या स्प्रिंगा): जांभ्याच्या दगडांतून आणि ओल्या तांबड्या मातीतून जायला याहून सोयीची गाडी मला तरी माहीत नाही.

गाडी पाहायला जाल तेव्हा रंगाकडे आणि सीट कव्हरकडे पाहण्यात वेळ घालवू नका. अंगावर जुने कपडे घालून, टॉर्च आणि लहान हातोडी घेऊन गाडीखाली शिरा. चासीवर हातोडीने ठोकत पुढून मागे या. निरोगी लोखंड खणखणीत वाजते आणि आतून गंजलेले बद्द आवाज देते. मागच्या पाट्यांचे शॅकल (पाट्याचे टोक चासीला टांगणारे हलते जोड) जिथे चासीला जोडलेले असतात ती जागा, सर्वांत मागचा आडवा तुकडा आणि बॉडी ज्या रबरांवर बसते त्यांच्या आसपासचा पत्रा या जागी गंज आधी धरतो, कारण तिथे चिखल साचतो आणि धुताना पाणी पोहोचत नाही. कोकणात किंवा गगनबावड्याच्या बाजूला वापरलेल्या गाडीची या जागांवर दुप्पट काळजीने तपासणी करावी. ताज्या काळ्या रंगाने झाकलेली चासी मी संशयास्पदच मानतो. चासी क्रमांक आरसीशी अक्षरशः जुळवून पाहावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते, त्यासाठी फिटनेस तपासणी व पर्यावरण कर लागतो, म्हणून व्यवहारापूर्वीच आरटीओतल्या कागदांची स्थिती पाहावी. सैन्याच्या लिलावातली गाडी असेल तर तिची खासगी नोंदणी झालेली आहे ना, हा पहिला प्रश्न विचारावा.

इंजिनाबद्दल लोक फार चौकशी करतात. खरे तर या गाडीचे इंजिन हा तिचा सर्वांत कमी त्रास देणारा भाग आहे. आमच्या गाडीच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि तेल-फिल्टर एवढेच नवे लागले. रेडिएटर मात्र उतरवून आतून साफ करून घेतला, कारण फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या सर्वांत हळू गिअरमध्ये) चढताना इंजिन जोरात फिरत असते आणि गाडी माणसाच्या चालीने जात असल्यामुळे समोरून वारा मिळत नाही. पेट्रोलची टाकीही उतरवली. जुन्या टाकीतला गंज एरवी तळाशी पडून राहतो आणि दगडांवर गाडी हलली की फिल्टरमध्ये येऊन बसतो.

खरे काम पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये होते. पन्नास-साठच्या वेगाने खड्डा लागला की स्टिअरिंग हातात मावणार नाही इतके थरथरणे हे जुन्या जिप्सीचे ओळखीचे दुखणे आहे. पुष्कळ जण व्हील बॅलन्सिंग करून पाहतात किंवा नवा डँपर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा दांडा) लावून ते दाबून टाकतात. याचे मूळ बहुतेक वेळा किंगपिनच्या, म्हणजे पुढचे चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळते तिच्या, बेअरिंगमध्ये असते. तपासणी सोपी आहे. पुढचे चाक जॅकवर उचलावे, वर आणि खाली हात धरून हलवावे, आणि खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तरीही राहिला तर किंगपिनचा. शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींनी हे काम केले त्यांनी बेअरिंग बदलून, शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करत, स्टिअरिंगची दांडी सोडवून ठेवलेली असताना नकल (चाक धरणारा वळता भाग) हाताने किती ओढीने वळते ते पुन्हा पुन्हा पाहिले आणि समाधान झाल्यावरच बोल्ट आवळले. त्याच वेळी अ‍ॅक्सलच्या नळीतले आतले सीलही बदलून घ्यावे. ते गळू लागले की गिअर ऑइल नकलमध्ये उतरते, तिथले ग्रीस पातळ होते आणि नवी बेअरिंगही फार काळ टिकत नाहीत.

कोल्हापूरकरांना एका गोष्टीचे मोठे सुख आहे. फाउंड्री आणि लेथचे काम या शहराच्या अंगवळणी पडलेले असल्यामुळे एखादा बुश किंवा पिन बाजारात मिळाली नाही तरी नमुना दाखवून ती उद्यमनगरात कातून मिळते. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) ज्या रबरी माउंटवर टांगलेली असते ती माउंट मात्र नवीच घ्यावीत; ती दबली की गाडी हादरते आणि ऐन चढावर लिव्हर गिअरमधून निसटू शकतो. पाट्यांचेही तसेच. आमचे मूळ पाटे सपाट झाले होते, त्यांना पुन्हा बाक दिला, तुटलेले पान बदलले आणि सर्व बुश नवे घातले. गाडी मूळ उंचीला आली. तेवढ्यावर आम्ही थांबलो.

गाडी उंच करण्याचा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता. त्यावर मिस्त्रींचे उत्तर मला आजही पटते: “साहेब, पाटे वाढवून बॉडी वर जातीया, पण डिफरन्शियल तिथंच राहतंय.” अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत दगडाला आधी लागतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद देणाऱ्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरपेटीचा, फुगवटा, आणि त्याची उंची केवळ टायरच्या व्यासावर ठरते. मूळ २०५/७० आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ टायर लावले तर व्यास सुमारे ६५ मिलिमीटरने वाढतो आणि डिफरन्शियल त्याच्या निम्मे, म्हणजे जेमतेम ३३ मिलिमीटर वर जाते. त्या बदल्यात सर्व गिअर जवळपास दहा टक्क्यांनी लांब होतात, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि मुळातच वरच्या फेऱ्यांना ताकद देणारे ८० अश्वशक्तीचे इंजिन चढावर दमते. आम्ही मूळ मापाचेच, पण ऑल-टेरेन नक्षीचे टायर घेतले. गाडीचा मूळचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे आणि चाक कुठे टाकायचे हे समजून चालवणाऱ्याला तो या वाटेवर पुरतो.

कायद्याची बाजूही याच दिशेने आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या व उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाला धक्का लावणारे बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले आहे, आणि पुढे लावायचे लोखंडी बुल बार तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदेशीर ठरवले. एक टनाच्या गाडीच्या नाकावर लोखंडाचा बोजा चढवल्याने पुढचे पाटे बसतात, तो तोटा वेगळाच.

एक बदल मात्र मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. दोन्ही अ‍ॅक्सलच्या ब्रीदरना (आतली हवा ये-जा करायच्या छिद्रांना) लांब रबरी नळी जोडून ती वर, पुढची इंजिनाच्या कप्प्यात आणि मागची बॉडीच्या आत, नेऊन बांधावी. चालून तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा एकदम आकसते, आणि ब्रीदर बुजलेला किंवा पाण्याखाली असेल तर अ‍ॅक्सल पाणी आत ओढून घेतो. आमच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलचा नट सोडला तेव्हा बाहेर आलेले तेल दुधाळलेल्या चहाच्या रंगाचे होते आणि बोटांमध्ये चोळल्यावर त्याला चिकटपणाच उरलेला नव्हता. आधीच्या वापरात असेच कधी पाणी शिरले असणार. नळीला खर्च नगण्य येतो.

आता प्रवासाविषयी. ही वाट पावसाळ्यात गाडीसाठी नाही. ओढे भरलेले असतात, माती लोण्यासारखी होते आणि चाकांनी पडलेल्या चरांतून पाणी वाहून वाटच खचते. पाणी ओसरल्यावर, दिवाळीनंतर जावे. जंगलातून जायचे असल्यामुळे निघण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात वाट खुली आहे का आणि परवानगीचे काय, हे विचारून घ्यावे व सांगतील ते पाळावे.

कोल्हापूरहून इस्पुर्ली, बिद्री, मुदाळतिट्टा करत गारगोटी गाठायची. ऊसतोडीच्या हंगामात या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात, म्हणून उजाडल्यावर निघणे शहाणपणाचे. पेट्रोल गारगोटीतच टाकीभर घ्यावे. टाकी ४० लिटरची आहे, पण फोर-लोमध्ये गाडी किलोमीटरच्या हिशेबाने पेट्रोल पीत नाही, तासांच्या हिशेबाने पिते. पुढे कडगाव, मग मौनी महाराजांचे पाटगाव आणि धरणाच्या पाण्याकाठचा सुंदर रस्ता. पाटगाव आता मधाचे गाव म्हणून ओळखले जाते. परतताना तिथला मध जरूर घ्यावा.

भटवाडीत थांबून आम्ही पुढचे हब (चाकांच्या मधल्या टोप्या; त्या लॉक केल्यावरच पुढच्या चाकांना ताकद मिळते) हाताने फिरवून लॉक केले आणि टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली. ट्यूब असलेल्या टायरमध्ये याहून खाली जाऊ नये, कारण टायर रिमवर सरकला की ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. फोर बाय फोरचा लिव्हर डांबर संपल्यावरच टाकावा. या गाडीत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या पक्क्या रस्त्यावर वळताना सगळा ताण गिअरवर आणि शाफ्टवर येतो.

वाट अंतराने लांब नाही, वेळ मात्र भरपूर खाते. सुरुवातीला झाडीतली तांबडी माती, मग दगडगोट्यांचे ओढे, आणि मधूनमधून जांभ्याच्या पायऱ्या. त्यांतली एक पायरी लक्षात ठेवण्यासारखी आहे: डावीकडे गुडघ्याएवढी कड, उजवीकडे पाण्याने खोदलेला चर. आमच्यासोबत भटवाडीचे एक मामा वाट दाखवायला आले होते. त्यांनी गाडी थांबवायला लावली, चालत पुढे जाऊन पाहिले आणि डावे चाक कडेच्या माथ्यावरूनच घ्यायला सांगितले. चरात चाक टाकले असते तर डिफरन्शियल मधल्या दगडावर टेकले असते. फोर-लो, पहिला गिअर, क्लचवर पाय न ठेवता, अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबून गाडी हळूहळू चढली. उजवे मागचे चाक क्षणभर हवेत फिरले, पाट्यांनी वळण घेतले आणि ते पुन्हा जमिनीला लागले. पाट्यांचे नवे बुश आणि मोकळे फिरणारे शॅकल यांची किंमत तिथे कळते. सोबतच्या दुसऱ्या गाडीला, जी आमच्यापेक्षा बरीच उंच केलेली होती, याच पायरीवर कलंडण्याची भीती वाटून दोनदा मागे घ्यावे लागले.

ओढ्यात शिरण्यापूर्वी कुणीतरी पायी उतरून खोली आणि तळ पाहावा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर जावे, त्याहून वर असेल तर परत फिरावे. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर चालवावे, म्हणजे मागच्या ड्रममधले पाणी सुकते. उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी धरू द्यावी, क्लच अजिबात दाबू नये.

सोबत दुसरी गाडी असल्याशिवाय इथे येऊ नये. ओढण्याचा चांगला दोर, दोन डी-शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडे, जॅकखाली ठेवायला जाड फळी, हवा भरायचा पंप, यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे) आणि पाट्याचा मधला बोल्ट एवढे सामान हवेच. दोर नेहमी चासीला बोल्टने बसवलेल्या हुकालाच लावावा. मोबाइलला रेंज मिळेल असे गृहीत धरू नये आणि परत यायची वेळ घरी सांगून निघावे.

चिक्केवाडीत गाडी सावलीत लावून पुढची दाट झाडीतली वाट चालावी. या रानात गवे आहेत आणि अस्वलेही, म्हणून गप्पा मारत, घोळक्याने चालणे बरे. एका अरुंद पट्टीने मुख्य पठाराला जोडलेला रांगणा समोर येतो तेव्हा खाली कोकण उघडते. किल्ल्यासाठी चार तास तरी हाताशी ठेवावेत आणि अंधारापूर्वी भटवाडीला परतता येईल अशा बेताने उतरावे. एक कळकळीची विनंती आहे. वाट सोडून सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) किंवा गवतात गाडी घालू नये. जांभ्यावरचा मातीचा थर बोटभर असतो, पावसाळ्यात त्यातच फुले येतात आणि एकदा उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षे बुजत नाही.

भटवाडीत परतल्यावर हब मोकळे करावेत, हवा भरावी आणि गाडीखाली एकदा वाकून पाहावे. घरी आल्यावर चासीच्या आतल्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारावा, शॅकलजवळचा चिखल बोटांनी काढावा, मागचे ड्रम उघडून साफ करावेत, दोन्ही डिफरन्शियलचे तेल थोडे काढून त्याचा रंग पाहावा. पाटे नुकतेच बसवलेले असतील तर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. आमच्या गाडीचे चारही बाजूंचे नट या एका प्रवासानंतर पाऊण ते एक फेरा आवळले गेले.