तो मँडरिन नव्हेच

"गांधीजींनी दाढी कधी वाढवली?" आईने अंधारात इतक्या मोठ्याने विचारलं की पुढच्या रांगेतले दोघं मागे वळून हसले.

२०१३ सालचा एप्रिल संपत आला होता. 'आयर्न मॅन ३' अमेरिकेच्या आठवडाभर आधी आपल्याकडे लागला, याचा माझ्या भाच्याला कोण अभिमान! जणू वितरणाचं त्यानेच ठरवलं होतं. सुट्टीत डोंबिवलीहून आमच्याकडे भांडुपला आला होता. आजीला कळावं म्हणून हिंदी शोची तिकिटं काढली आणि तिघं घाटकोपरच्या मॉलमध्ये गेलो. बाहेर घामाच्या धारा, आत एसी असा की आईने पदर कानांवरून घेतला. तिच्या हिशेबाने निम्मे पैसे तिथेच वसूल झाले होते.

पडद्यावर दाढी वाढवलेला, अंबाडा बांधलेला, बोटाबोटांत अंगठ्या घातलेला मँडरिन नावाचा खलनायक टीव्हीवर मध्येच घुसून अमेरिकेला धमक्या देत होता. तो बेन किंग्जली. १९८२च्या 'गांधी'त त्याच्यासमोर कस्तुरबा होत्या आपल्या रोहिणी हट्टंगडी. त्या नात्याने आई त्याला जवळपास जावई मानते. त्यामुळे गांधीजी बॉम्ब उडवतायत हे पहिला अर्धा तास तिच्या पचनी पडेना.

मग तो प्रसंग आला. लोखंडी चिलखत बिघडलेलं, म्हणून टोनी स्टार्क, म्हणजेच आयर्न मॅन, हार्डवेअरच्या दुकानातल्या सामानातून हत्यारं जुळवून मँडरिनच्या बंगल्यात शिरतो. आता होणार सामना! तेवढ्यात संडासाचं दार उघडतं, खलनायक बाहेर येतो आणि सांगतो की वीसेक मिनिटं आत जाऊ नका. हा मँडरिन नव्हेच. हा ट्रेव्हर स्लॅटरी, काम न मिळालेला, दारूत बुडालेला इंग्लंडचा नट. धमक्या पाठ करून म्हणायच्या आणि पैसे घ्यायचे. खरा सूत्रधार सुटाबुटातला शास्त्रज्ञ-उद्योगपती किलियन.

थिएटर फुटलं. आई तर डोळे पुसेपर्यंत हसली. माझ्या डावीकडे मात्र भाचा पॉपकॉर्नचा टब मांडीवर धरून मूर्तीसारखा बसला होता. मध्यंतरानंतर भरून आणलेला तो टब आम्ही तसाच घरी नेला.

एलबीएस रस्त्यावर रिक्षा अडकली तेव्हा तो बोलला. "वाट लावली, मामा. अख्खी वाट लावली."

त्याचं दुःख खरं होतं. मँडरिन कॉमिक्समध्ये १९६४पासून आहे, आयर्न मॅनचा पहिल्या मानाचा शत्रू. दहा अंगठ्या, प्रत्येकीत वेगळी शक्ती. पोराने त्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि त्याला मिळाला संडासातून येणारा बेवडा. मी त्याला समजावू लागलो. कॉमिक्समधला तो मँडरिन म्हणजे पूर्वेकडचा माणूस कपटीच असायचा या जुन्या गोऱ्या समजुतीचा पुतळा. तो आज जसाच्या तसा उभा केला असता तर चाललं असतं का? उलट दिग्दर्शक शेन ब्लॅकने त्या समजुतीचीच टर उडवली. लोकांना घाबरायला एक चेहरा लागतो, म्हणून कुणीतरी नट भाड्याने आणून तो पुरवला.

"ते ठीक आहे रे," तो म्हणाला. (आमच्याकडे मामाला अरे-तुरेच.) "पण स्फोटात माणसं मेली ना? मग विनोद कसला? एकतर घाबरव, नाहीतर हसव."

माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच'. नाटक १९६२चं, मी पाहिलं बरंच नंतर, आठ-नऊ वर्षांचा असताना, आईबरोबर दादरच्या शिवाजी मंदिरात. माधव काझीच्या खऱ्या खटल्यावरून रचलेलं. प्रभाकर पणशीकर एकाच नाटकात पाच भूमिका करायचे. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात शांतपणे 'तो मी नव्हेच' म्हणायचा, रंगमंच फिरायचा आणि तोच माणूस नव्या वेशात, नव्या बोलीत, नव्या सासुरवाडीत उभा. आता कोण बनून येतो म्हणून आम्ही खुर्चीच्या टोकावर. टाळ्या कुणाला? लफंग्याला. म्हणजे आपल्याकडे अर्ध्या शतकापूर्वी खलनायक नट होता, हसवत होता आणि कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. मी हे रिक्षात बऱ्यापैकी हातवारे करून सांगितलं.

"तू हसत होतास," आई बाहेर बघत म्हणाली. "मी नव्हते हसत. त्या बाया साक्षीला येऊन रडत होत्या."

पुढचा सिग्नल सुटेपर्यंत कुणी बोललं नाही. मला पणशीकरांचा प्रत्येक वेश आठवत होता आणि साक्षीला आलेल्या बायकांपैकी एकीचाही चेहरा आठवेना.

"मग आज का हसलीस?" मी विचारलं.

"याने कुणाचं लग्न मोडलं? पोटासाठी नाटक करतो बिचारा."

"आजी, टोनी त्याला सांगतो ना, माणसं मेली म्हणून!" भाच्याने तिलाही सोडलं नाही. खरंच, सिनेमात ते आहे. तेव्हा ट्रेव्हर म्हणतो, छे, ते सगळं खोटं, सेट आणि हिरवा पडदा. त्याने मेलेलं कुणी पाहिलेलंच नसतं. मी गप्प बसलो. ट्रेव्हरची खुर्ची आणि शिवाजी मंदिरातली माझी खुर्ची जवळजवळच होती.

आठ वर्षांनी खरा मँडरिन आला. त्याच मालिकेतला 'शांग-ची' २०२१च्या सप्टेंबरात लागला, पण महाराष्ट्रातली थिएटरं २२ ऑक्टोबरपर्यंत बंद, म्हणून आम्ही तो नोव्हेंबरात घरच्या टीव्हीवर पाहिला. भाचा आता नोकरीला, लॅपटॉप मांडीवर. टोनी लिअंगचा वेनवू, म्हणजे तो खरा मँडरिन, आला तसा लॅपटॉप मिटला गेला. हळू बोलणारा, गेलेल्या बायकोची हाक ऐकू येते म्हणून जग मोडायला निघालेला. त्या नट मँडरिनची आठवण काढून वेनवू म्हणतो की अमेरिका एका संत्र्याला घाबरली (मँडरिन हे एका जातीच्या संत्र्याचंही नाव). भाच्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते वाक्य त्यानेच लिहून पाठवलं होतं.

आणि मग कोठडीतून ट्रेव्हर! टोळीवाल्यांनी त्याला मारायला आणलं होतं, पण त्याचा शेक्सपिअर ऐकून करमणुकीला ठेवून घेतलेला. "अगंबाई, हा अजून आहे का!" आई सरसावून बसली. भाचा हसला. चक्क मोठ्याने. मग मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्याने लॅपटॉप पुन्हा उघडला.

"नट म्हणून चांगला आहे," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "मँडरिन म्हणून नाही."

आईचं लक्ष वेनवूकडे होतं. "यात व्हिलन कोण रे?"

"आजी, हाच की."

"हा? ह्याची तर बायको गेलीय," ती म्हणाली आणि रिमोट घेऊन आवाज वाढवला.