टण्ण!

काल दुपारी ओव्हनमधून टण्ण असा आवाज आला आणि मी हातातलं पुस्तक टाकून उठलेच. काही नव्हतं. पातळ ट्रेने अंग पिळलं होतं, एक कोपरा वर, बाकीचे खाली, आणि बिस्किटं सगळी एका अंगाला सरकलेली, बस वळली की उभी माणसं कलंडतात ना तशी. पत्रा सगळीकडे सारखा तापत नाही, बिस्किटांखाली गार, मोकळ्या कोपऱ्यात गरम, मग तो वाकतो, आणि गार झाला की बहुतेकदा गुपचूप सरळ होतो. हे सगळं मला पाठ आहे. तरी दर वेळी धस्स होतंच.

कारण मावशीचं काचेचं भांडं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. मावशीने दोन्ही हातांत जाडजूड हातमोजे चढवून भांडं बाहेर काढलं, "सरका रे सरका" करत ओट्यापर्यंत आणलं, आणि ओटा नेमका नुकताच पुसलेला, ओला. ठेवलं. क्षणभर काहीच नाही. मग टिक्, नखावर नख वाजवावं इतका बारीक आवाज, आणि भांडं मधोमध दुभंगलं. केक मात्र भांड्याच्या आकारात तसाच उभा, वाफाळत. मावशी हातमोज्यातले हात हवेत धरून बघत राहिली. मग म्हणाली, "कोणी हात लावायचा नाही," आणि आख्खा केक काचांसकट कागदात गुंडाळला. मला भांड्यापेक्षा केकचं जास्त वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

गंमत म्हणजे भाजायच्या काचेची गोष्ट सुरू होते तीच केकपासून. १९१३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत जेसी लिटलटन नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी बॅटरीच्या काचेच्या बरणीचा कापलेला बुडखा घरी आणला आणि त्यांच्या बायकोने, बेसीने, त्यात चक्क केक भाजला. दोन वर्षांनी पायरेक्स बाजारात. ती काच बोरोसिलिकेट, तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते. पण आता ओव्हनची म्हणून मिळणारी सगळी काच तसली नसते, बरीचशी साधीच काच टफन केलेली असते, आणि ओल्या ओट्याशी तर कुठल्याच काचेने पंगा घेऊ नये. फ्रिजमधून थेट ओव्हनमध्ये नाही, ग्रिलच्या लाल कॉइलखाली नाही, गरम असताना वरून गार पाणी तर नाहीच नाही.

तर मी आता काचेचं भांडं आत घालण्याआधी बोटाच्या उलट्या बाजूने त्याला हात लावून बघते, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. घरातले हसतात. हसू देत. बाहेर काढायच्या आधीच ओट्यावर कोरडं फडकं दुमडून ठेवलेलं असतं, आणि भांडं धरायचं फडकंही कोरडंच, ओल्या फडक्यातून चटका कसा पोचतो ते एकदा अनुभवलंय, दुसऱ्यांदा नको.

बाकी भांड्यांचे आपापले स्वभाव. काळा टिन उष्णता जास्त ओढून घेतो, केक वरून गोरा नि बुडाला काळा, म्हणून त्याला मी पंधरा-वीस डिग्री कमीच देते. सिलिकॉनचा साचा रिकामा असतानाच ट्रेवर ठेवायचा, भरून उचललात तर तो मधेच मान टाकतो आणि घोल ओव्हनच्या दारावर. नॉनस्टिक फार तापवायचं नाही, २६० च्या पुढे त्याचं कोटिंग बिघडायला लागतं. आणि बिडाचा तवा बाहेर काढला की त्याच्या दांड्यावर फडकं टाकून ठेवायचं, कारण पाच मिनिटांनी आपणच विसरून उघड्या हाताने तो धरतो. 'आपण' म्हणजे मी.

मावशीच्या भांड्याचं झाकण तेव्हा दुसरीकडे होतं म्हणून वाचलं, ते आता माझ्याकडे आहे. जाड, किंचित हिरवट, वर ओव्हनचं चिन्ह-बिन्ह काही छापलेलं नाही. आत घालायची माझी टाप नाही. चाव्या ठेवते त्यात.