आडतीचा हिशोब अन् पायथन

आज लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानाचं काम होतं, सोयाबीनच्या आवकेची एक्सेल फाईल, एकच शेतकरी तीन नावांनी, कुठं नावापुढं स्पेस तर कुठं आडनाव आधी, अन् मालक म्हणायलेत संध्याकाळपर्यंत हिशोबपट्ट्या पाहिजेत. अशा टायमाला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषाच कामाला येते. थोड्याशा ओळी लिहिल्या, स्पेस काढल्या, नावं जुळवली, चहा येईपर्यंत काम झालं बी. याच्यासाठी जावा ह्या दुसऱ्या भाषेतला प्रोजेक्ट मांडून बसायची काही गरजच नाही.

मग मालक म्हणले, आता सगळं बिलिंगच पायथनमधी करून द्या की. तिथं मी नाही म्हणलं. पायथनमधी वजन टेक्स्ट म्हणून आलं अन् त्याला २ नं गुणलं की ५० चे १०० होत नाहीत, ५०५० होतात, अन् प्रोग्राम गपगुमान पुढं जातो. शेतकऱ्याच्या पट्टीवर असा आकडा छापून गेला तर? जावात हे कंपाईलच होत नाही, म्हणजे प्रोग्राम चालायच्या आधीच अडतंय. टाईप हिंट्स लावून, म्हणजे कुठं आकडा अन् कुठं टेक्स्ट हे कोडमधीच लिहून, पायथनमधीबी बरंच सांभाळता येतं, पण ते चेकिंग वेगळं चालवावं लागतं, अन् घाईच्या दिवशी कोण चालवतंय. शिवाय पायथन ३ आलं २००८ ला, पायथन २ चा सपोर्ट बंद झाला १ जानेवारी २०२० ला, जुन्या कोडवाल्यांना तो बसून बदलावा लागला. जावाचा जुना कोड बहुतेक वेळा नव्या व्हर्जनवर तसाच चालतो.

मालकाला म्हणलं दोन महिने द्या, जावा अन् पोस्टग्रेस डेटाबेसमधी नीट बांधून देतो. विचार करून सांगतो म्हणलेत. तुमच्याकडं दुकानांच्या बिलिंगला काय वापरायलेत, सांगा बरं.