पोळी वेगळी काढायची होती

गुरुवार, रात्रीचे सव्वाअकरा.

मंगळवारपासून डोक्यात तेच चाललंय. चिनूची वर्कशीट. चार चित्रं, पोळपाट, लाटणं, तवा, पोळी, आणि वर 'वेगळे असेल त्याला गोल करा'. चिनूने गोल केलाच नव्हता. त्यावर बाईंची लाल फुली, आणि कोपऱ्यात पिठाचा अर्धा अंगठा. म्हणजे अभ्यास आईने घेतला होता, कणीक मळता मळता.

विचारलं तर म्हणाली, "वेगळं काय काढायचं त्यात? पोळीच नको तर पोळपाट कशाला मांडलाय?" आणि मी, तासभर लोकलमध्ये उभ्याने आलेली, चप्पलसुद्धा न काढता म्हटलं, "आई, तू नको घेत जाऊस तिचा अभ्यास."

"बरं," म्हणाली आणि गॅलरीतले कपडे काढायला गेली. कपडे ओले होते.

आता मी काय एवढं बोलले? दिवसभर ऑफिसात सगळ्यांचं ऐकायचं, घरी आल्यावर जरा आवाज चढला तर लगेच मीच वाईट. माझं कोणी विचारतं का कधी? दादाला तर फोन करायलाही... जाऊ दे, तो विषय नको.

पण ते 'बरं' जात नाहीये डोक्यातून. नुसतं रागावली असती तरी चाललं असतं.

काल रात्री झोप येईना तेव्हा एकदम ल्युरिया आठवला. बीएला सायकॉलॉजी होतं मला. हा रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानात गेला होता आणि तिथल्या निरक्षर शेतकऱ्यांना त्याने चित्रं दाखवली, हातोडा, करवत, कुऱ्हाड, ओंडका. यातलं वेगळं कुठलं? उत्तर ओंडका, कारण बाकीची अवजारं. पण एक शेतकरी काही केल्या ओंडका काढायला तयार होईना, लाकूडच नसेल तर करवतीचं करायचं काय असं त्याचं म्हणणं. थोडीफार शाळा शिकलेले मात्र पटकन अवजारं एकीकडे करायचे. हे सगळं त्याने पुस्तकात आणलं १९७४ मध्ये, चाळीस वर्षांनी. मी पेपरात लिहिलंय हे, संकल्पना कशा तयार होतात, दहा मार्कांना, आणि बऱ्यापैकी मार्क पडले होते. आणि तोच शेतकरी माझ्या ओट्याशी कणीक मळत उभा होता तर मी त्याला गप्प बसवलं.

तेव्हा हे कळलं नव्हतं की 'अवजार' कोणी बघितलेलंच नसतं. करवत दिसते, कुऱ्हाड दिसते. अवजार दिसायला आधी करवतीतून लाकूड काढून टाकायचं, भुसा काढायचा, कोणाचं दार बनवायचंय तेही विसरायचं, मग जे उरतं ते अवजार. तसंच भूक वजा केली की तवा आणि पोळपाट भांडी होतात. (पोळपाटाला भांडं म्हणतात का, हे बाईंनी आईला विचारायला हवं होतं.) हे विसरणं शिकायला लागतं हे मान्य, नाहीतर तीन आंबे आणि तीन रिक्षा यांच्यातला नुसता 'तीन' चिनूच्या हाती लागणार कसा? पण आईने काही चूक केली नव्हती, तिने फक्त काहीच टाकून दिलं नाही.

आणि तिला ते टाकणं जमत नाही असंही नाही. चौदा बायकांची भिशी ती वही न उघडता सांगते, कोणाचा नंबर कोणाला दिला, कोणाचा अर्धा हप्ता राहिलाय, आता हा 'नंबर' काय डब्यात ठेवलेला असतो? मला बँकेचं स्टेटमेंट दोनदा वाचावं लागतं.

आज येताना सीएसएमटीहून ठाणे स्लो पकडली. मशीद गेलं तशी एक बाई सीटच्या टोकापासून विचारत आली, "कुठे? कुठे?" म्हणजे कुठे उतरणार, सीट कधी रिकामी होणार. मी म्हटलं मुलुंड, तिचा चेहरा पडला आणि ती पुढे सरकली. शेजारची घाटकोपर निघाली तर केवढी खूश. मला हसूच आलं. सिनिअर असिस्टंट, बीए, एका मुलीची आई, सगळं गेलं खड्ड्यात, अख्ख्या लेडीज डब्यात मी नुसती मुलुंड. आणि मीही काय वेगळी, कुर्ल्याची बाई दिसली की जाऊन तिच्याच पुढ्यात उभी राहते की.

घरी आले तर कढीपत्ता सापडेना. भाज्यांच्या ट्रेमध्ये सगळं उपसलं. आई टीव्हीसमोरून म्हणाली, "फोडणीच्या पिशवीत बघ." मिरच्या, आलं, कढीपत्ता, अर्धी नारळाची वाटी, सगळं एकत्र. किती वर्षं ठेवते अशी, मला आज दिसलं.

सॉरी काही म्हटलं नाही मी. ते आमच्यात नाहीच. जेवणं झाल्यावर चिनू नवी वर्कशीट घेऊन आली, फळे आणि भाज्या वेगळ्या करा, त्यात टोमॅटो. म्हटलं, जा, आज्जीला विचार. ती गेली. आतून आज्जीचा आवाज, "तुझ्या आईलाच विचार गं."

मग थोड्या वेळाने, "कच्चाय का पिकलेला?"