खाली का गेली ती?

भयपट बघताना मला राग भुताचा येत नाही, टॉर्च घेऊन जिना उतरणाऱ्या बाईचा येतो. म्हणजे बघा ना, घरातले दिवे गेलेत, तळघरातून काहीतरी खरवडल्यासारखा आवाज येतोय, मोबाईलला रेंज नाही (कधीच नसते, मोबाईल आल्यापासून भयपट लिहिणाऱ्यांचं पहिलं काम म्हणजे तो बंद पाडणं), आणि ही बया अनवाणी, एकटी, "कोण आहे?" विचारत खाली चाललीये. जो कोणी आहे तो काय आता नाव-पत्ता सांगणारे का?

मी हे मोठ्यानेच बोलते. शेजारी आत्या बसलेली असते. ती शांतपणे म्हणते, "तिचं मांजर असेल गं खाली."

मांजर सिनेमात नाहीये. एकाही सीनमध्ये नाहीये. पण आत्याचं असंच आहे, पडद्यावरचा माणूस कितीही बावळटासारखा वागू दे, ही वकीलपत्र घेतल्यासारखी त्याच्यासाठी कारण शोधून देणार. माझं नेमकं उलटं. मी म्हणते ती खाली गेली कारण हा भयपट आहे, ती वर पांघरूण घेऊन झोपून गेली तर पुढचा तासभर हे दाखवणार काय. आत्याला हे उत्तर अजिबात चालत नाही. "तो लेखकाचा प्रॉब्लेम झाला. तिचा काय?"

यावर आमची भांडणं किती झाली असतील याचा हिशोब नाही. गंमत अशी की सवलत आम्ही दोघीही देतोच, फक्त कुठे द्यायची ते आधीच ठरलेलं असतं आणि ते कुणी ठरवलं हे आठवत नाही. गाण्याच्या सिनेमात डोंगरावर ऑर्केस्ट्रा कुठून आला आणि मागच्या पन्नास जणांना स्टेप्स कशा पाठ हे मी आयुष्यात कधी विचारलं नाही, पण मारामारीच्या सिनेमात सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून सातवी सुटली की मी लगेच बोट वर करते. आणि रहस्यकथेत तर सवलत शून्य. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक धर्मगुरू होते, ते स्वतः रहस्यकथा लिहायचे, त्यांनी 1929 मध्ये या प्रकारासाठी चक्क दहा आज्ञा काढल्या होत्या. गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच येऊन गेलेला हवा, चोरवाट एकापेक्षा जास्त नको, जुळा भाऊ आणायचा तर वाचकाला आधी त्याची चाहूल द्यायला हवी, वगैरे. मी हे आत्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं तर म्हणाली, "मग माझ्या सगळ्या सिरियली नापास."

नापासच आहेत. सिरियलमध्ये तर मला ते अर्धवट ऐकणं बघवत नाही. दार किलकिलं असतं, ती हातात काहीतरी घेऊन दाराशी येते, आतून त्याचा आवाज येतो, "मी तिच्याशी लग्न..." आणि झालं, ढॅण ढॅण ढॅण, कॅमेरा तिच्या तोंडावर तीनदा आपटतो, हातातली वस्तू पडते, ती पदर तोंडाला लावून पळत सुटते. आणि आत तो वाक्य पूर्ण करतो, "...केलं नसतं तर माझं काय झालं असतं!" वस्तू पडल्याचा आवाज त्याला येत नाही, ते वेगळंच. आता पुढचे दोन महिने या एका वाक्यावर निघणार, कारण आठवड्याला सहा एपिसोड भरायचे आहेत, आणि "काय म्हणत होतास रे?" असं तिने नुसतं विचारलं तर ट्रॅक तिथेच संपतो. मी हे सगळं आत्याला समजावून सांगितलं, अगदी हातवारे करून. तिने टीव्हीवरची नजर काढली नाही. म्हणाली, "तिने आधीच ठरवलंय ना हा आपल्याला सोडणार म्हणून. माणूस जे ऐकायला दाराशी येतो तेवढं ऐकून निघतो."

आता यावर काय बोलणार. ते वाक्य त्या सिरियलच्या कुठल्याच लेखकाच्या डोक्यात नसणार याबद्दल मी पैज लावायला तयार आहे, तरी मी पुढचे चार एपिसोड गपचूप बघितले.

कधीकधी आख्खं जग असं भांडतं. टायटॅनिकमधल्या त्या फळीचंच घ्या. 1997 चा सिनेमा, आणि फळीवर दोघं मावली असती का यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात, शेवटी दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने 2023 मध्ये थंडगार पाण्यात दोन स्टंटवाले उतरवून प्रयोग करून दाखवला, आणि निष्कर्ष काय तर काही परिस्थितीत नायक जॅक वाचलाही असता. म्हणजे भांडण होतं तिथेच. यात सिनेमात तो एकदा फळीवर चढायचा प्रयत्न करतो आणि फळी कलंडते, हे कुणी बोलतच नाही.

पण आमच्या घरातलं कायमचं भांडण म्हणजे शोले. तेही दोन ठिकाणी. पहिलं, ठाकूर थांबतो का? एवढी आग मनात, गब्बर पायाखाली, आणि पोलीस येऊन कायद्याची आठवण करून देतात तर हा थांबतो? माझं म्हणणं होतं की हे पटत नाही, आत्याचं म्हणणं की तो मुळात पोलीसवाला, आयुष्यभराची सवय अशी एका दिवसात सुटत नाही. मग मला कळलं की मूळ शेवट वेगळाच होता, ठाकूर गब्बरला ठारच मारतो, पण 1975 मध्ये, आणीबाणीच्या काळात, सेन्सॉरने तो बदलायला लावला, माजी पोलीस अधिकाऱ्यानेच कायदा हातात घेतलेला चालणार नव्हता. मूळ शेवट 2025 मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात मोठ्या पडद्यावर दाखवला. मी जिंकल्यासारखी आत्याकडे गेले. बघ, ठाकूर थांबला नव्हताच, सेन्सॉरने थांबवला! आत्या म्हणाली, "त्यांनी थांबवला असेल. पण मी जो बघितला तो स्वतःच थांबला."

दुसरं भांडण नाण्याचं. दोन्ही बाजूंना छापा असलेलं जयचं नाणं. ठाकूरला वाचवायचं की पळून जायचं तेही त्याच नाण्यावर ठरलं होतं, म्हणजे दर वेळी निर्णय जयचाच. माझा सवाल साधा होता. दोघं चोर, वर्षानुवर्षं एकत्र, आणि वीरूने ते नाणं एकदाही उलटून बघितलं नाही? माझं उत्तरही तयार होतं, मित्राची लबाडी मित्र गेल्यावरच कळायची हा या प्रकारच्या सिनेमाचा नियम आहे, विषय संपला.

"त्याला माहीत होतं," आत्या म्हणाली.

"मग शेवटच्या वेळी? गोळ्या आणायला एकाने जायचं, एकाने मागे थांबून डाकूंना अडवायचं, तेव्हाही नाणंच उडवलं. माहीत होतं तर जय मरायला मागे थांबणार हेही माहीत होतं. आणि हा गेला?"

पहिल्यांदाच आत्या गप्प झाली. मला जरा वाईटही वाटलं, पण जास्त नाही.

रहस्यपटवाला दिग्दर्शक हिचकॉक अशा जागांना आइसबॉक्स सीन म्हणायचा, म्हणजे बघताना खटकत नाही, घरी जाऊन फ्रिज उघडल्यावर अचानक डोक्यात येतं की अरे, हे असं कसं. तर त्या रात्री साडेअकराला मी पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला आणि फोन वाजला. आत्या. हॅलो नाही, काही नाही.

"आधी माहीत असून गप्प बसायचा, कारण दुसऱ्याने ठरवलेलं बरं असतं. शेवटी बरोबर बसंती होती गं. तिला घेऊन निघायचं होतं त्याला."

"अगं, पण पडद्यावर त्याला तेव्हाच कळतं. चेहऱ्यावर दिसतं ना."

"दिसतं. आणि मग एकटाच गब्बरच्या अंगावर धावून जातो, एवढा पिसाळलेला. तुला काय वाटलं, तो राग नुसता गब्बरवरचा होता?"

फोन ठेवला तिने. फ्रिजचं दार उघडंच होतं.