तुम्ही विचारलंत म्हणून : एस्टोनियन क्रियापदांचा सराव

‘एस्टोनियन क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, तरी बोलताना रूप सुचत नाही. सराव कसा करायचा?’ हा प्रश्न बरेचदा येतो. तक्ते मिटून ठेवा. वर्तमानकाळाचे प्रत्यय सहाच : न, द, ब, मे, ते, वाद. तो-ती असा भेद नाही, वेगळा भविष्यकाळही नाही. घोडं अडतं ते प्रत्ययापाशी नव्हे, धातूपाशी.

‘वाचणे’ घ्या. शब्दकोशात मिळतं लुगेमा, पण ‘मी वाचतो’ म्हणजे लोएन. मधला ग गळाला. म्हणून प्रत्येक क्रियापद चार रूपांत पाठ करावं : लुगेमा, लुगेदा, लोएब, लोएतुद. (इथलं देवनागरी अंदाजापुरतं, वही रोमन लिपीतच ठेवा.) पहिल्यातला मा काढून सिन लावा : लुगेसिन, मी वाचलं. दुसऱ्यातून लुगेनुद, भूतकाळी नकारात लागणारं रूप. तिसऱ्यातला ब काढला की लोए उरतं, ‘वाच!’ तेच, आणि ‘एइ लोए’ म्हणजे वाचत नाही, कर्ता कोणीही असो. चौथं ‘वाचलं जातं’ वगैरेंसाठी. ते सुरुवातीला नुसतं माहीत असलं तरी चालतं.

रोज तीनच क्रियापदं घ्या. मी, तू, ते असे तीन कर्ते. प्रत्येकाचं होकारी-नकारी वाक्य, वर्तमानात आणि भूतकाळात. एकूण छत्तीस वाक्यं, मोठ्याने. नकार गाळू नका : ‘वाचलं नाही’ हे ‘एइ लुगेनुद’ होतं, ‘एइ लुगेसिन’ नव्हे, आणि बहुतेकांची जीभ इथेच घसरते.

वर्तमानात व्यंजन नेहमी मऊ होतं असा नियम मात्र करू नका. हाक्कामा (सुरू करणे) उलट वागतं : वर्तमानात हाक्काब, पण दुसरं रूप हाकाता. तुलेमाचं (येणे) भूतकाळी तुलिन होतं, तुलेसिन नाही. मिनेमा (जाणे) तर आपल्या जाणे-गेलासारखंच : वर्तमानात लॅहेब, भूतकाळात लॅक्स.

क्रियापद जोडीदारासकट लिहा. ‘ताहान लुगेदा’ म्हणजे मला वाचायचंय, पण ‘पेआन लुगेमा’, मला वाचावं लागतं. पहिल्याला दा, दुसऱ्याला मा. आपल्याला दोन्हीकडे ‘वाच’च दिसतं, म्हणून अदलाबदल होते.

रूपाची खात्री एस्टोनियन भाषा संस्थेच्या सोनावेब या शब्दकोशात करा, आणि उच्चार कानाने तपासा. सादा म्हणजे ‘मिळवणे’ आणि सादा म्हणजे ‘पाठव!’, लिहायला एकच, फरक फक्त पहिला स्वर किती ताणता याचा.