तुम्ही विचारलंत म्हणून : एवढं तापलंय, मग आज वळीव येणार का?

पारा चाळिशी ओलांडला की हा प्रश्न सुरू होतो. मांडववाले विचारतात, आंबा उतरवणारे विचारतात, वाळवणं गच्चीवर टाकलेल्या काकू तर दिवसातून दोनदा विचारतात. प्रश्नात एक समजूत दडलेली असते : जेवढं जास्त तापेल तेवढा पाऊस जवळ. ती निम्मीच खरी आहे. म्हणून आमचं उत्तर नेहमी उलट प्रश्नाने सुरू होतं. किती तापलंय ते राहू द्या, हवेत पाणी किती आहे?

उष्णतेची लाट आणि वळीव तसे एकमेकांच्या मुळावर उठलेले. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी जास्त हवं, म्हणजे लाट. सरासरी काहीही असो, ४५ गाठले तरी लाटच. किनाऱ्यावर हाच उंबरठा ३७ चा. असे दिवस बहुधा तेव्हा येतात जेव्हा वरच्या थरात जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसतं. तिथली हवा हळूहळू खाली उतरते, उतरताना दाबली जाते, दाबली गेल्याने तापते आणि कोरडी होते. जमिनीवरून उठलेल्या हवेच्या डोक्यावर हे गरम झाकणच. वायव्येकडून कोरडं वारं येत असेल तर खाली वाफ नाही आणि वर वाट नाही. चंद्रपूर-अकोल्याला पंचेचाळीस अंशांतही आभाळ निळंशार असतं ते यामुळे. वळीव येतो तो लाट मोडायला लागल्यावर. दक्षिणेकडून किंवा बंगालच्या उपसागरावरून ओलावा घुसतो, झाकण सैल होतं, कमाल तापमान एखाद-दोन अंशांनी घसरतं आणि लोक म्हणतात, ‘आज ऊन कमी आहे, पण उकाडा सहन होत नाही.’ हे वाक्य ऐकलं की आम्ही कान टवकारतो.

ओलावा मोजायचा तो दवबिंदूने, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत निवली की तिच्यातल्या वाफेचं दव धरू लागतं त्या आकड्याने, सापेक्ष आर्द्रतेच्या टक्केवारीने नाही. तापमान चढलं की टक्केवारी आपोआप घसरते आणि भलतंच चित्र दिसतं. दवबिंदू घरी काढायला काचेचे दोन साधे तापमापक पुरतात; अर्ध्या अंशाच्या खुणा असलेले घ्या. एकाच्या फुग्याला मलमलीचा एकच पदर गुंडाळा. मलमल आधी साबणाने धुऊन खळ पूर्ण काढलेली हवी, नाहीतर ती पाणी ओढतच नाही. तिच्याच टोकाला सुती दोऱ्याची वात बांधून ती एका लहान बाटलीत सोडा. पाणी बॅटरीत घालतात ते, ऊर्ध्वपातित. बोअरचं पाणी वापरलंत तर आठवडाभरात क्षार बसून मलमल कडक होते आणि ओला तापमापक जास्त दाखवू लागतो. बाटली फुग्याच्या बरोबर खाली नको, तीन-चार सेंटिमीटर बाजूला. दोन्ही तापमापक सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, तापलेल्या भिंतीपासून आणि पत्र्यापासून लांब. वाचायच्या आधी तीन-चार मिनिटं टेबलफॅनचा वारा द्या आणि ओल्या तापमापकाचा पारा उतरून जिथे थांबतो तो आकडा लिहा. फॅन न लावणं ही यातली नेहमीची चूक. थांबलेल्या हवेत ओला फुगा नीट निवत नाही.

आता आकडे बघा. पुण्याच्या उंचीवर, म्हणजे हवेचा दाब साधारण ९४५ हेक्टापास्कल असताना, कोरडा ४० आणि ओला २० असेल तर दवबिंदू जेमतेम ८. ओला २२ असेल तर १३. ओला २४ असेल तर १७. ओल्या पाऱ्यात चारच अंशांचा फरक पडला आणि दवबिंदू नऊ अंशांनी सरकला. याचा दुसरा अर्थ असा की ओल्या तापमापकात एका अंशाची चूक झाली तर दवबिंदूत दोन अंशांहून जास्त चूक होते. म्हणूनच मलमल आणि पंख्याचं एवढं कौतुक. उपकरणाची चूक मोठमोठ्या ठिकाणीही होते : २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश आणि दिल्लीतल्या मुंगेशपूरने ५२.९ अंश दाखवले. देशभर गाजावाजा झाला आणि नंतर दोन्हींत संवेदकाचा दोष निघाला. शेजारच्या केंद्रांशी न जुळणाऱ्या आकड्यावर भाळायचं नाही.

कोरडं तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाला १२५ ने गुणलं की ढगाचा तळ जमिनीपासून किती मीटरवर धरेल त्याचा ढोबळ अंदाज येतो. ४० आणि ८ म्हणजे चार हजार मीटर. एवढ्या उंचीवर ढग धरला तरी त्यातला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतो. ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात त्या याच, जमिनीला न टेकणाऱ्या. पण सुकता सुकता तो पाऊस आजूबाजूची हवा गार करतो, गार हवा जड होऊन दाणकन खाली आपटते आणि धुळीचं वादळ उठतं. झाडं पडतात, पत्रे उडतात, थेंब मात्र चारच. ४० आणि १७ असेल तर तळ पावणेतीन-तीन हजारांवर येतो आणि मग पाऊस खरोखर अंगणात उतरतो. पठारावरचा आमचा ठोकताळा असा : दुपारचा दवबिंदू दहाच्या खाली असेल तर झोप काढा, तेरा-चौदा असेल तर धुळीचा कारभार, सतरा-अठरा गाठला तर गच्चीची किल्ली खिशात ठेवा.

यंत्र नसलं तरी एक खूण वर्तमानपत्रातसुद्धा सापडते : किमान तापमान. कोरड्या लाटेत दिवस भाजतो आणि पहाट बरी असते, कारण वाफ नसलेली हवा रात्री उष्णता धरून ठेवत नाही. दोन-तीन रात्रींत किमान तापमान चार-पाच अंशांनी चढलं आणि कमाल तेवढंच राहिलं किंवा किंचित उतरलं, तर ओलावा आला असं समजा. दुसरी खूण सकाळी सात-आठच्या आभाळात. मध्यम उंचीवर ढगांची एक बारीक ओळ आणि तिच्या पाठीवर किल्ल्याच्या बुरुजांसारखे उंचवटे. बुरुजी ढगच म्हणतो आम्ही त्यांना. वरची हवा अस्थिर असल्याचा तो निरोप. ते ढग दहा-अकराला विरून जातात आणि लोकांना वाटतं आभाळ निवळलं. बरेचदा तोच दिवस संध्याकाळी गाजतो.

हवामान खात्याच्या बातमीपत्रात या दिवसांत ‘वाऱ्यांची खंडितता’ हे शब्द येतात. विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटक असं करत दक्षिणेकडे जाणारी रेषा. बातम्यांत ते नुसतेच वाचून दाखवतात. अर्थ सोपा आहे : रेषेच्या एका बाजूला वायव्येचं कोरडं वारं, दुसऱ्या बाजूला दक्षिण-आग्नेयेचं ओलं. दोन्ही भिडतात तिथे हवा वर उचलली जाते. रेषा आपल्या पूर्वेला असेल तर आपण कोरड्या बाजूला. ती पश्चिमेकडे सरकली की आपला नंबर. पुण्याकडे आणखी एक गडी आहे. मार्च ते मे या काळात समुद्रावरचं वारं घाट चढून संध्याकाळच्या सुमारास पुण्यापर्यंत पोचतं, आणि त्याच्या पुढच्या कडेवर ढग उठायला एक निमित्त मिळतं. किनाऱ्यावर मात्र याच वाऱ्यामुळे खालची हवा गार राहते, म्हणून कोकणात दुपारी ढग घाटमाथ्यावर दिसतात आणि डोक्यावर काही नाही.

फोनवरच्या रंगीत नकाशांत ‘केप’ नावाचा आकडा बघून पुष्कळजण हुरळतात. केप म्हणजे वर जाणाऱ्या हवेला मिळू शकणारी ऊर्जा. हजाराच्या पुढे दखल घ्यावी, दोन-अडीच हजार म्हणजे भरपूर. पण त्याच्या शेजारी ‘सिन’ बघितलात का? ते झाकण. उणे ५० असेल तर दुपारचं ऊन ते उघडतं, उणे २०० असेल तर खाली दारूगोळा असूनही दिवस फुकट जातो. आणि केपचा आकडा दवबिंदूवर उभा असतो. नकाशात तुमच्या गावाचा साडेअकराचा दवबिंदू १८ दाखवत असेल आणि तुमच्या मलमलीत तो १३ निघत असेल, तर तो नकाशा त्या दिवसापुरता बाजूला ठेवा.

वरच्या थरांतलं तापमान आणि ओलावा मोजत वर जाणाऱ्या हवामान-फुग्याच्या नोंदी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळच्या असतात आणि वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. नागपूरचा क्रमांक ४२८६७, मुंबईचा ४३००३. पहाटेच्या फुग्यावर छापलेला केप जसाच्या तसा वाचू नका, कारण तो पहाटेच्या जमिनीचा आहे. तळाशी दुपारचं अपेक्षित तापमान आणि दवबिंदू घालून पुन्हा काढावा लागतो. मुंबईच्या फुग्याचा खालचा भाग समुद्राच्या हवेचा असतो, तो पठारावर चालत नाही; दोन किलोमीटरच्या वरचा भाग चालतो.

दुपारी दोननंतर नजर आभाळाकडे. कापसाचे चपटे पुंजके तसेच चपटे राहिले तर झाकण बंद आहे. त्यातला एखादा रुंदीपेक्षा उंच झाला, कडा फुलकोबीसारख्या टणक दिसू लागल्या की घड्याळ लावा. कडा विस्कटलेल्या, धुरकट दिसल्या तर तो ढग कोरडी हवा पिऊन मरतोय. टणक राहिल्या तर अर्ध्या-पाऊण तासात माथा पसरून ऐरणीसारखा होतो. इन्सॅटची उपग्रहचित्रं इथवरच कामाची, त्यानंतर रडार. कुलाब्याच्या रडारचा अर्ध्या अंशावर उचललेला किरण पुण्यावर येईपर्यंत समुद्रसपाटीपासून दोन किलोमीटरच्या आसपास चढलेला असतो, आणि दोनशे किलोमीटरवर चार. म्हणजे रडारवर हिरवं दिसतं ते ढगाच्या पोटातलं, अंगणातलं नाही. रडारकडे परतणाऱ्या प्रतिध्वनीचा जोर डीबीझेडमध्ये मोजतात : वीस-पंचवीस डीबीझेड बहुधा वाटेत सुकणारा, चाळीसच्या पुढे खरा पाऊस, पंचावन्नच्या पुढे गारांची धास्ती.

वायुभारमापकाने फसलेले तर पुष्कळ. दुपारी दाब तीन-चार हेक्टापास्कलने उतरला की ‘वादळ येतंय’ म्हणून निरोप फिरतात. आपल्या अक्षांशांवर हे रोजचंच आहे : दाब सकाळी दहाला आणि रात्री दहाला चढलेला, दुपारी चारला आणि पहाटे चारला उतरलेला. कालच्या त्याच वेळच्या दाबाशी तुलना करा, सकाळशी नाही.

खरी हालचाल उलट असते. ढग दहा-पंधरा किलोमीटरवर असताना वारा पडतो. पानं हलत नाहीत, कावळे गप्प. मग क्षितिजावर मातकट पट्टा दिसतो, तारांवरचे कपडे ताठ उभे राहतात आणि गार हवेचा लोट अंगावर येतो. दाब उतरत नाही, दोन-तीन मिनिटांत एक-दोन हेक्टापास्कलने उडी मारतो. चाळीसचा पारा पाव तासात सत्तावीस-अठ्ठावीसवर. मातीचा वास आधी येतो, तो दुसऱ्याच्या अंगणात पडलेल्या पावसाचा. हा लोट ढगाला मागे टाकून फार पुढे पळाला तर ढगाची रसद तुटते आणि आपल्याकडे नुसती धूळ. पण तोच लोट पुढच्या गावातली गरम हवा उचलून तिथे नवा ढग उभा करू शकतो. म्हणून नगरकडचा ढग मेला तरी नजर हटवू नये.

या वेळी कॅमेऱ्याची तिवई घेऊन गच्चीवर थांबणारे असतात. त्यांना एकच हिशेब सांगतो : चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, म्हणजे खाली उतरायची वेळ आधीच झालेली. वीज ढगाच्या पायाखालीच पडते असं नाही, ऐरणीच्या बाजूने निघून उघड्या उन्हातही पडते. ‘दामिनी’ ॲपमध्ये वीस आणि चाळीस किलोमीटरची वर्तुळं आहेत. चाळीसच्या आत विजा दिसल्या की आवराआवर करा. झाडाखाली नको, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नको. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली मोटार. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं पुन्हा वर जायचं नाही, कितीही सुंदर कमान पडली असली तरी.

राहिलं मोजमाप. वळीव तुकड्यातुकड्यांनी पडतो. शिवाजीनगर चिंब आणि लोहगाव कोरडं ही नेहमीची गोष्ट. त्यामुळे आदल्या दिवशीचं आपलं ‘हो’ किंवा ‘नाही’ तपासायला स्वतःचंच पर्जन्यमापक लागतं. दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाच्या पर्जन्यमापकात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. गारा पडल्या तर त्या वितळू द्या, फेकू नका. सोसाट्याच्या वाऱ्यात थेंब तिरपे जातात, म्हणून माप कमीच भरतं. गच्चीच्या कठड्याजवळ तर हमखास. नोंद सकाळी साडेआठला करा, म्हणजे खात्याच्या आकड्यांशी लावून बघता येते. थेंब पडले पण मापात काही उतरलं नाही तर ०.० लिहू नका, ‘ट्रेस’ लिहा, आणि त्याच ओळीत आदल्या दुपारचा दवबिंदू.